नावाची चिठ्ठी

अमीनचाचांनी दुरुस्तीसाठी आठवडाभर ठेवून घेतलेली गिटार परत आली, तरी तिसरी तार दांडीवरच्या फ्रेटच्या पट्टीला घासून झणझणतच होती. केतकीची स्पर्धा दुसऱ्याच दिवशी होती, म्हणून ती गिटार घेऊन पुन्हा त्यांच्या दुकानात गेली.

"गिटार ठणठणीत आहे, पोरी. दोष तुझ्या बोटांत," मिरजेतले ते नावाजलेले कारागीर गुरगुरले.

"असेल, चाचा. मग तंबोऱ्यांवर लावता तशी तुमच्या नावाची चिठ्ठी हिच्यावरही लावा. परीक्षकांनी विचारलं, तर अभिमानाने दाखवीन."

चाचांनी चिठ्ठी उचलली, डिंकही लावला. मग हात थांबला. त्यांनी स्वतः तार छेडून पाहिली आणि कानस हातात घेतली.

तासाभरात तार स्वच्छ बोलू लागली. केतकी भरल्या डोळ्यांनी त्यांच्या पाया पडली.

"ऊठ," चाचा म्हणाले, "उपकार तुझेच. आज माझी इभ्रत वाचवलीस."