घंटा हातात घेऊन ओलांडायची पट्टी

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्याव्यात. माझी शाळा लहानपणीच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. आमचे म्हाकूतात्या पाहुण्यांना सांगतात, तसेच लिहिले आहे.

वाघजाईच्या माळावर डांबराचा एक लांब, फुटका पट्टा आहे. मेंढरे तिथे आली की धनगर पुढच्या एडक्याच्या गळ्यातली घंटा सोडतो, हातात घेतो आणि आभाळाकडे बघत पलीकडे जातो. पाहुणे विचारतात, असे का?

लढाईच्या काळात गोऱ्या सरकारने ही पट्टी बांधली म्हणे. बॉम्ब टाकणारी मोठी विमाने तिथे उतरत. कडेचे गवत चांगले, म्हणून मायाक्का आणि तिचा नवरा बिरा मेंढरे तिथेच चारत. घरघर ऐकू आली की मेंढरे हलवायची, एवढाच त्यांचा नेम. वर कोणी बघत नसे.

मायाक्काचा एडका मल्हाऱ्या. आई मेलेले कोकरू तिने पदराखाली घेऊन, शेळीच्या दुधावर जगवले होते. सगळा कळप त्याच्या घंटेमागे चाले. त्या दिवशी त्याच्या खुराला जखम होती आणि तो पट्टीच्या मधोमध बसला होता. भोवती सगळी मेंढरे.

मायाक्काने सहज मान वर केली.

"अवो, इमान येतंय!"

बिरा झाडाखालून हसला. "घरघर कुठं हाय? इमान काय मांजराच्या पावलानं येतंय व्हय?"

पण ते तसेच येत होते. यंत्रे बंद पडलेली, चाके पोटातच अडकलेली. नुसता वारा कापल्याचा आवाज.

मायाक्का धावली. मल्हाऱ्याला ओढले, तो उठेना. तो उठेना, तर कळप हलेना. मग तिने त्याच्या गळ्यातली घंटा सोडली आणि ती वाजवत कडेला पळत सुटली. मेंढरे घंटेमागे धावली. मल्हाऱ्या एकदाच ओरडला म्हणे. तिने मागे पाहिले नाही. पाहिले असते तर पाय थांबले असते.

विमान पोटावर घासत आले आणि पार टोकाला जाऊन मोडले. आतले शिपाई जिवंत निघाले. त्यांतला एक जण, कपाळ रक्ताने भरलेले, मायाक्कापुढे टोपी काढून उभा राहिला. ती जागची हलली नाही, हातातली घंटा मात्र वाजवतच राहिली.

बिराने मल्हाऱ्याला पट्टीच्या कडेला पुरले. तेव्हा मायाक्का बोलली, "हितनं जो घंटा नेईल, त्यानं वर बघावं. आन् एडक्यासाठी माघारी यावं. मला येता आलं न्हाई."

आता तिथे विमान उतरत नाही. तरी आजही एडक्याला अलीकडेच ठेवून, कळप पलीकडे लावून धनगर एकटा परत येतो, एडक्याच्या गळ्यात घंटा बांधतो आणि त्याला बरोबर घेऊन जातो.

हे ऐकले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाची मेंढरे घेऊन माळावर गेलो. घंटा सोडली, वर बघत पट्टी ओलांडली. मेंढरे मागोमाग आली. एडका मात्र पहिल्याच कडेला उभा राहून माझ्याकडे बघत होता.

मी माघारी गेलो.