वासाची टेकडी

भाटोली बेटावर खाडीपूल उतरला की चौपदरी रस्ता लागतो, आणि रस्ता संपतो तिथे नऊ मजली हॉटेल. हॉटेलच्या हिरवळीच्या मधोमध, पोहण्याच्या तलावाला अगदी खेटून, एक ओबडधोबड टेकडी आहे. उंची फार नाही, दोन माडांएवढी. माथ्यावर सपाट कातळ, आणि तो कातळ जुन्या तव्याच्या बुडासारखा काळा. सगळं बेट यंत्रांनी सपाट केलं, मग हे टेंगूळ तेवढं का ठेवलं, असं पाहुणे विचारतात. त्यांना बॅटरीच्या गाडीतून फिरवणारे जोमाकाका कोळी गाडी थांबवतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "ठेवलं नाही. राहिलं." मग सावकाश, दुसऱ्याच्या घरची हकीगत सांगावी तसे, ते मथीची गोष्ट सांगतात.

फार जुनी गोष्ट, असे सांगतात. तेव्हा बेटावर चाळीस चुली होत्या आणि सात होड्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, पोशा, आणि मथी ही त्याची बायको. मथी कामाला वाघीण, पण स्वयंपाकाच्या बाबतीत बेटावर तिचं नाव फारसं चांगलं नव्हतं. ती सुका बोंबील निखाऱ्यावर टाकायची आणि दारातून दर्याकडे बघत बसायची. होडीचं शीड दिसेपर्यंत नजर आत वळायची नाही, आणि नजर वळेपर्यंत बोंबलाचा कोळसा झालेला असायचा. तिची सासू, धाकलीआय, रोज म्हणायची, "बाय, मासा दर्यातून आणायला नवरा जीव घालतो, आणि तू त्याला अग्नी देतेस." पोशा मात्र तो कोळसा कुडूमकुडूम खायचा. दर्यावर बाकीच्या होड्यांना ओरडून सांगायचा, "वाट चुकलो तरी मला भ्या नाय. नाक वर करीन. असा करपलेला बोंबील दुसऱ्या गावात मिळायचा नाय." सातही होड्यांवर हसू पिकायचं. ते बेटावर पोचायचं तेव्हा मथीची मान खाली जायची.

एका माघात सातही होड्या दर्यावर असताना धुकं उतरलं. असं धुकं, की म्हणे कावळे चालत घरी गेले. पहिला दिवस गेला, होड्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बायकांनी टेकडीवर जाळ केला. तो दहा पावलांवरून दिसेना. ढोल बडवले, शंख फुंकले, पण धुक्यात आवाजाला दिशा राहत नाही. तो चहूकडून येतो. आणि बेटाच्या समोरच, पलीकडच्या किनाऱ्याला, कातळांची रांग होती. बेट समजून तिकडे वळलेली होडी फुटणार, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मथीने सवयीने बोंबील निखाऱ्यावर टाकला आणि सवयीने दर्याकडे बघत बसली. दर्या नव्हताच, नुसता पांढरा कापूस. बोंबील करपला. धूर दाराबाहेर पडला आणि मतलई वाऱ्यावर, म्हणजे जमिनीकडून पाण्याकडे जाणाऱ्या सकाळच्या वाऱ्यावर, सरळ निघून गेला. धाकलीआयला ठसका लागला. ठसका थांबल्यावर ती बराच वेळ त्या धुराकडे पाहत राहिली.

"मथे," ती म्हणाली, "तो बघ. एकटा हाच दर्यावर चाललाय."

दोघी बोंबलांची टोपली घेऊन टेकडीवर गेल्या. पाठोपाठ सगळ्या बायका आल्या. ज्याच्या त्याच्या घरी पावसाळ्याची बेगमी म्हणून सुके बोंबील रचून ठेवलेले होते. पावसाचे चार महिने होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा भातासोबत खायला तेवढंच असतं. म्हणून गावचा म्हातारा बुधा पाटील काठी टेकत आला आणि आडवा उभा राहिला.

"सगळं जाळाल, तर पावसाळ्यात पोरं काय खातील?"

"बाप आले तर पोरं काही पण खातील, पाटीलबाबा," मथी म्हणाली. "बाजूला व्हा. वारा अडतोय."

निखारे पेटले, आणि इथे बेटाच्या बायकांनी ती चूक केली, जी फक्त त्याच करू शकत होत्या. हाताला वळण लागलेलं. एकेक बोंबील त्यांनी उलटून पालटून, दोन्ही बाजूंनी सोनेरी, खरपूस भाजला. अशा प्रसंगीसुद्धा शेजारणीच्या निखाऱ्यावर तिरकी नजर होतीच. वास असा सुटला की तासाभरात धुक्यातून एक होडी किनाऱ्याला लागली. बायका धावत खाली गेल्या. होडीत तीन परके कोळी होते, पलीकडच्या गावचे, वाट चुकलेले.

"आमचंच गाव वाटलं," त्यांतला एक म्हणाला. "आमच्याकडं पण असाच भाजतात. वाढता का ताट?"

त्यांना वाढलं. पण मथी तिथेच थबकली, असे सांगतात. चांगला भाजलेला बोंबील शंभर गावांत सारखाच. तो वास आपल्या माणसांच्या नाकात गेला असेल, तरी ते वल्ही मारणार नाहीत. वास बेटाचा की कातळांच्या रांगेमागच्या गावाचा, ते त्यांना कसं कळावं?

ती टेकडीवर परत गेली. आयुष्यभर ज्यावरून मान खाली घातली, तेच तिने मान वर करून सांगितलं. "आता कुणी उलटायचा नाय. टाका आणि दर्याकडं बघत बसा."

"असा गं कसा?" एक शेजारीण कळवळली. "हात शिवशिवतो."

"हातावर बसा."

आणि म्हणे चाळीस घरच्या बायका खरोखर हातांवर बसल्या. बोंबील काळे पडले. धूर कडवट झाला, जाड झाला, डोळ्यांना झोंबला, आणि धुक्याच्या पोटात शिरून पाण्यावरून सरपटत गेला.

दीड कोसावर सातांतली एक, सुक्रू तांडेलाची होडी दिशा सोडून वाहत होती. वल्ही मारावी तर कुठे, म्हणून माणसं नुसती बसली होती. सुक्रू एकदम शिंकला. दुसरा शिंकला. मग सगळे एकमेकांकडे बघू लागले. "मथी!" सुक्रू ओरडला. "मारा वल्ही! या दुनियेत दुसरी बाई असा जाळत नाय." पहिली होडी आली. तिच्या मागून दुसरी, तिसरी. दुपारपर्यंत सहा होड्या वाळूला लागल्या. सहाही होड्यांतली माणसं खोकत, रडत, हसत टेकडीखाली उभी होती.

पोशाची होडी आली नाही. तो सर्वांत लांब गेला होता.

मथी जागची उठली नाही. तिने घरची टोपली संपवली. मग ज्यांची माणसं आली होती त्या घरांतून टोपल्या येऊ लागल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. संध्याकाळी बुधा पाटील आला, आणि पावसाळ्यासाठी गवतात लपवलेल्या दोन टोपल्या त्याने तिच्यापुढे ठेवल्या. पाचव्या दिवशी धुकं उठलं. दर्या धुतल्यासारखा स्वच्छ होता, पार आभाळापर्यंत, आणि त्यावर काही नव्हतं. बेटावर एकही बोंबील उरला नव्हता. त्या पावसाळ्यात माणसं कातळावरची कालवं फोडून जगली, आणि कुणी तक्रार केली नाही, असे सांगतात. चाळीस घरांत चार महिने एकही तक्रार नाही! कावळ्यांवर विश्वास ठेवला, तर यावरही ठेवायला हरकत नाही.

मथी पुढे पुष्कळ जगली. दर माघात ती टेकडीवर जायची. ती गेल्यावर बाकीच्या जाऊ लागल्या.

हॉटेल बांधायला यंत्रं आली तेव्हा बायका शेगड्या घेऊन माथ्यावर बसल्या आणि चार दिवस उठल्या नाहीत. वारा यंत्रवाल्यांच्या तोंडावर होता. पाचव्या दिवशी नकाशा बदलला. नंतर व्यवस्थापकांनी नम्रपणे सुचवून पाहिलं, की बोंबलाऐवजी उदबत्ती चालेल का. उदबत्तीच्या वासावर कोण घरी येईल, असं बायकांनी त्यांनाच विचारलं.

आजही माघी पुनवेच्या दुसऱ्या सकाळी भाटोलीच्या बायका तलावाच्या कडेने, टॉवेल पांघरलेल्या पाहुण्यांमधून वाट काढत टेकडी चढतात. नऊ मजल्यांच्या खिडक्या धडाधड बंद होतात. घरागणिक एक बोंबील निखाऱ्यावर पडतो आणि कुणी तो उलटत नाही. आरती नाही, नारळ नाही. बोंबील पुरता काळा झाला की बायकांतली सर्वांत म्हातारी दर्याकडे तोंड करते आणि जेवायला उशीर करणाऱ्या माणसाला द्यावी तशी, जरा चिडकीच हाक देते. नाव घेत नाही, कारण मथीने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"अवो, जेवण करपलं. या आता."

मग सगळ्या दर्याकडे कान लावून थोडा वेळ उभ्या राहतात. दुरून उत्तर यायला लागेल, तेवढाच.