तू जा, मी हाय

खाडीकाठच्या आगरखांडच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी गेलात, तर वेदीवर सोन्याच्या किरणांचं उभं पात्र दिसेल. त्यात काचेआड पांढरी गोल भाकर असते. ती ख्रिस्ताचं शरीर, साक्षात प्रभू, ही गावाची श्रद्धा. तिच्यासमोर दिवसभर कुणीतरी गुडघे टेकून असतंच. पाळी बदलायला येणारा आधीच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "तू जा, मी हाय." पाहुण्यांना याचं हसू येतं. मग घंटा वाजवणारे झुजेकाका त्यांना बाकावर बसवतात. "हसून घ्या. मग ऐका," म्हणतात.

फार वर्षांपूर्वी गावात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, शिरला होता म्हणे. बहुतेक लोक घरं सोडून वाडीत झोपड्या बांधून राहिले होते. त्या शुक्रवारी आराधनेला आली ती एकटी कातरीन. तिचा नवरा इनास तापानं फणफणला होता. त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून ती म्हणाली, "तुझ्यासाठीच मागणं मागायला चाललेय. तासाभरात येते."

तिनं गुडघे टेकले तोच पलीकडच्या काठावरून पाद्रीबाबांना बोलावणं आलं. तिकडे कुणी शेवटच्या घटका मोजत होतं. पात्राला हात लावून ते कपाटात ठेवायचा अधिकार एकट्या पाद्रीबाबांचा, पण घाईत त्यांना तेवढं सुचलं नाही. "हा आलोच मी. तोवर प्रभूला एकटं टाकू नको," असं कातरीनला सांगून ते होडीत बसले. ते देशावरचे, ओहोटीचं गणित त्यांना कुठलं ठाऊक! परतताना होडी खाडीच्या मधोमध रुतली. छातीभर गाळ, उतरायची सोय नाही. समोर चर्चचा क्रूस दिसत होता आणि भरती येईपर्यंत त्याच्याकडे बघत बसण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हतं.

तास उलटला, दुपार झाली. दारात शेजारीण दुमिंगा आली आणि बाहेरूनच ओरडली, "कातरीन, इनास पाणी मागतोय गं! तांब्या लवंडलाय."

"तू दे की त्याला!"

"माझी पोरं हायत घरात. मी नाय शिवत."

"मग इथं तरी बस. मी धावत जाते न येते."

दुमिंगानं एक पाऊल आत टाकलं. मग कातरीनच्या घामेजल्या पदराकडे तिचं लक्ष गेलं. तापाच्या घरची बाई ही! ती मागे फिरली आणि पळाली.

कातरीन उठली, दारापर्यंत गेली, वेदीकडे पाहिलं आणि परत येऊन बसली. असं सात वेळा झालं, असं सांगतात. आपण कोणाला एकटं टाकतोय, हे तिला कळेना. तिनं प्रभूला विनवलं, शिव्यासुद्धा घातल्या म्हणे. पात्र तसंच लखलखत राहिलं.

दिवस मावळताना पाद्रीबाबा आले. कातरीन धावली. इनास तांब्याकडे हात करून निजला होता, कायमचा.

पाद्रीबाबा तिच्यासमोर हात जोडून रडले. "प्रभूला एकटं टाकू नको म्हणालो मी. तुलाच एकटं टाकून गेलो."

पुढच्या पहिल्या शुक्रवारी कातरीन पुन्हा त्याच जागी गुडघे टेकून बसली होती. मागून कुणीतरी आलं, खांद्यावर हात पडला. दुमिंगा होती. "तू जा, मी हाय."

कातरीननं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "आता कुठं जाऊ?"

दुमिंगा तिच्याशेजारी गुडघे टेकून बसली.

आजही आगरखांडात पाळी कधी चुकत नाही. हात पडला की माणूस उठतो आणि वाटेत कुठं न थांबता थेट घरी जातो. पण ज्याच्या घरी वाट बघणारं कुणी उरलेलं नाही, त्याला कुणी 'जा' म्हणत नाही. त्याच्याशेजारी जाऊन बसतात.