दहाव्या पानावरची ओळ

पूर्वी चंपा नगरीत धृतिसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मले. त्यांचे नाव सुनेत्र. वयात येताच ते विद्येसाठी आचार्य शाल्मलींच्या आश्रमात राहिले. तिथे दर कार्तिकात आचार्य शिष्यांच्या लेखांतून एक लेख निवडत. तो लिहिणाऱ्याला राजसभेत वाचायला मिळे, आणि पुष्कळदा दरबारात जागाही मिळे. त्या वर्षी निवड सुनेत्रांचीच होणार, असे जो तो म्हणत होता.

निवडीला तीन दिवस उरले असताना त्यांचा सहाध्यायी गोदत्त ताडपत्रे घेऊन आला. वेत्रा नदीकाठच्या एका बुरुडाचा हा मुलगा. तो म्हणाला, "माझा लेख वाचतोस? बाकीचे सगळे फार छान म्हणाले."

सुनेत्रांनी तो दोनदा वाचला. नऊ पाने राजाचा पराक्रम आणि नदीची शोभा. दहाव्या पानाच्या तळाशी एकच ओळ होती: आमच्या गावची जुनी नाव श्रावणात उलटली, माझी बहीण परत आली नाही, तरी महाराजांनी नवी नाव द्यावी.

'छान आहे' एवढेच म्हटले असते, तरी चालले असते. गोदत्त खूश झाला असता आणि सुनेत्रांचा मार्ग मोकळा राहिला असता. हा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी तो ओळखला आणि बाजूला सारला.

"गोदत्ता, या शेवटच्या ओळीपाशी माझा श्वास अडकला," ते म्हणाले. "पण राजा तिथवर पोहोचणार नाही. स्वतःची स्तुती तो रोजच ऐकतो."

गोदत्ताचा चेहरा उतरला. "तुला तुझाच लेख निवडून यायला हवा, म्हणून बोलतोस."

सुनेत्र रागावले नाहीत. आत जाऊन त्यांनी आपली पाने आणली. "हा माझा लेख. तूही वाच आणि खटकेल ते सांग. माझं पटलं नाही, तर एक अक्षरही बदलू नकोस. लेख तुझा आहे."

गोदत्ताने बराच वेळ वाचले. मग अडखळत म्हणाला, "दुष्काळात धान्य कसं वाटावं ते लिहिलंस. पण यात उपाशी माणूस एकही नाही."

सुनेत्र हसले. "खरंच की! हे मला कुणीच सांगितलं नव्हतं."

गोदत्ताचा राग ओसरला. "मग मी सुरुवात कुठून करू?"

"त्या दिवशी तुझी बहीण कशासाठी निघाली होती?"

"टोपल्या विकायला. पलीकडच्या बाजाराला. फळी सुटलीय, असं नावाडी म्हणाला होता. पण दुसरी नाव नव्हती."

"हेच लिही."

गोदत्त तीन दिवस लिहीत राहिला. नदीवरच्या पहाटेचे वर्णन मात्र त्याला गाळवेना. सुनेत्र म्हणाले, "ते राहू दे. तीच पहाट पाहत ती निघाली असेल."

आचार्यांनी गोदत्ताचा लेख निवडला. सुनेत्रांच्या मनात क्षणभर काहीतरी टोचले. मग त्यांनीच ती पाने जपून वस्त्रात बांधून दिली.

सभेत राजाने शेवटपर्यंत ऐकले आणि एवढेच विचारले, "तो नावाडी अजून तीच नाव चालवतो?"

"होय महाराज. दुसरी नाही."

पुढच्या पावसाळ्याआधी वेत्रेत दोन नव्या नावा उतरल्या. राज्यातल्या सगळ्या नदी-उतारांची आणि नावांची देखरेख गोदत्ताकडे आली. सुनेत्र मात्र आपला लेख पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला बसले, आणि या वेळी त्यांनी आधी एका उपाशी माणसाला बोलू दिले.

सुरोचन नावाच्या तरुण भिक्षूचे पहिले प्रवचन फसले, तेव्हा काही जण पाठीमागे हसले आणि काहींनी समोर खोटी वाहवा केली. त्या सर्वांना शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, आपल्या पूर्वजन्माची ही कथा सांगितली. ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा गोदत्त म्हणजे आजचा हा सुरोचन. आचार्य शाल्मली म्हणजे त्याचे वृद्ध उपाध्याय. आणि सुनेत्र मीच होतो. मैत्रीने सांगितलेले आणि मैत्रीने ऐकलेले सत्य, हीच त्या जन्मातली माझी सत्यपारमिता, सत्याच्या पूर्णत्वाची साधना."