अस्वलीण आणि कोल्ह्याचा काढा

एका जंगलात एक अस्वलीण आपल्या पिलाला पाठीवर घेऊन हिंडत असे. उन्हाळ्यात खालचे झरे आटले, की सगळ्यांना डोंगरमाथ्यावरच्या पाण्याच्या टाक्याचाच आधार, आणि पिलाला ती चढण एकट्याने झेपणारी नव्हती. जंगलाच्या कडेला एक गुऱ्हाळ होते. अस्वलीण रोज तिथे सांडलेली काकवी चाटी, वर पोटभर मध खाई. मोहाच्या आंबलेल्या फुलांना मात्र ती कधी शिवली नाही, आणि याचा तिला फार अभिमान होता. पण हिवाळा सरता सरता तिला पहिल्या टेकाडावरच धाप लागू लागली.

म्हाताऱ्या साळिंदराला औषधपाण्यातले कळत असे. त्याने तिच्या उजव्या बरगडीखाली चाचपून पाहिले, खाणेपिणे विचारले आणि म्हणाला, "बाई, तुझ्या यकृतात चरबी साचली आहे. अजून दुखत नाही, तोवर सावर. काकवी सोड, मध कमी कर आणि रोज चालत जा."

"पण मी मोहाला शिवतसुद्धा नाही!"

"मोहाशिवायही होते, बाई."

ही गोष्ट पाणवठ्यावर पोचली. "दिवसा सोवळे, रात्री मोह," वानर म्हणाला आणि सगळे हसले. मुलांनो, आजारी जीवाला हसण्यात कसला पराक्रम असतो, हे मला या वयातही कळलेले नाही. अस्वलीण इतकी शरमली, की साळिंदराकडे जायचे सोडून ती गुपचूप कोल्ह्याकडे गेली. कोल्ह्याने पानाच्या द्रोणात काढा दिला. याने यकृत धुऊन निघते, चालायला नको आणि काकवीही चालेल, असे त्याने छातीवर हात ठेवून सांगितले. ती काढा पीत राहिली. अन्नावरची वासना गेली. एका सकाळी पिलू म्हणाले, "आई, तुझे डोळे बहाव्यासारखे पिवळे दिसतात."

ती कोल्ह्याकडे धावली. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुमची श्रद्धा कमी पडली. काढा वाढवा."

अस्वलिणीने द्रोण त्याच्या पायाशी उपडा केला. "श्रद्धा होती, म्हणूनच तर प्यायले."

ती परत साळिंदराकडे गेली, तेव्हा तो तिला रागावला नाही. काढा बंद झाला तसे डोळे हळूहळू निवळले. मग ती चालू लागली, आधी वडापर्यंत, पुढे ओढ्यापर्यंत. मध्येच तिने सगळे खाणेच टाकले, तेव्हा उपाशी राहून घाई करू नकोस, असे साळिंदराने तिला बजावले. गुऱ्हाळाचा वास आला, की ती वाट बदलत असे. वानराचे टोमणे चालूच होते.

उन्हाळ्यात झरे आटले. पिलाला पाठीवर घेऊन अस्वलीण निघाली, वाटेत एकदा बसली, उठली आणि माथ्यावर पोचली. तिथे तोच वानर टाक्याच्या काठावर ऐसपैस बसला होता. "ताई, शेवटी कुठला काढा लागू पडला?" त्याने विचारले.

"आधी बाजूला हो," अस्वलीण म्हणाली. "माझ्या लेकराला तहान लागली आहे."

तात्पर्य : न दुखणारे दुखणेही खरेच असते, ते झटपट धुऊन देतो म्हणणाऱ्यापेक्षा रोजचे चालणे आणि बेताचे खाणे यांवर विसंबावे, आणि आजाऱ्याला हसून कोल्ह्याच्या दारी धाडू नये.