टोकाची जागा

नदीकाठच्या एका उबदार जंगलात सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. नावात सात आहेत म्हणून मोजायला जाऊ नका. कधी आठ भरत, कधी नऊ, आणि भाऊ म्हणावे तर त्यांत निम्म्या बहिणी. दिवसभर पाचोळा उलथापालथा करायचा, किडे टिपायचे आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा, एवढाच त्यांचा उद्योग. एकाने भांडण काढले की बाकीचे कारण न विचारताच त्यात उडी घेत. पण दिवस कलला की हीच भांडकुदळ मंडळी करंजाच्या एका आडव्या फांदीवर अंगाला अंग लावून बसत. स्वयंपाकघरातल्या फळीवर बरण्या मांडाव्यात तशी ती ओळ दिसे.

फांदीवर प्रत्येकाची जागा ठरलेली होती. उत्तरेकडच्या टोकाला थोरली ताई बसे. थव्यात ती सर्वांत वडील. वयापरत्वे तिच्या मानेवरची पिसे विरळ झाली होती, पण आवाज अजून खणखणीत होता. दुसऱ्या टोकाला धाकटा भाऊ बसे. आणि बरोबर मध्ये जो बसे, त्याला सगळे मधला म्हणत. आपली गोष्ट या मधल्याची आहे.

मधला अगदी पिल्लू असल्यापासून ओळीच्या मध्येच बसत आला होता. दोन्ही बाजूंना भावंडे, त्यामुळे थंडी कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नव्हते. पहाटे टोकाची मंडळी पिसे फुगवून कुडकुडत, तेव्हा तो ऐटीत म्हणे, "किती रे नाजूक तुम्ही! माझं अंगच मुळी गरम आहे." त्याला खरोखरच तसे वाटे. यात लबाडी नव्हती बरे का, मुलांनो. त्याने कधी कडेला बसून पाहिले नव्हते, इतकेच.

तसे त्या जंगलातला हिवाळा म्हणजे नावापुरता पाहुणा. सकाळी गवतावर थोडे दंव पडले आणि ऊन वर आले की संपले. पण एके वर्षी उत्तरेकडून धोबी पक्षी आला, तो नेहमीसारखा नदीच्या काठावर शेपटी हलवत हिंडेना. तो थेट जंगलात आला आणि म्हणाला, "मंडळी, सांभाळा. मी येताना वाटेत दंव गोठून शेतंच्या शेतं पांढरी झालेली पाहिली. थंडीची लाट माझ्या मागोमाग येतेय. दोन-चार दिवसांत इथं पोचेल."

झाले! जंगलात एकच धांदल उडाली. आता ज्यांना पावसाळा तेवढा ठाऊक, ते दुसरी कसली तयारी करणार? सशाने बिळात पाणी शिरू नये म्हणून भोवती चर खणला. माकडाने पळसाची रुंद पाने तोडली आणि डोक्यावर धरून बसण्याची तालीम सुरू केली. खारीने तर पुराच्या भीतीने आपले दाणे आणखी उंच ढोलीत नेऊन ठेवले. धोबी बिचारा या झाडाखालून त्या झाडाखाली पळत सांगत होता, "अहो, हा पाऊस नव्हे!" पण ऐकायला सवड कुणाला होती?

थोरल्या ताईने मात्र त्याला थांबवून विचारले, "धोबीबुवा, मग या थंडीला अडवतं तरी काय?"

"अंगाला अंग," धोबी म्हणाला. "तुम्ही ओळीनं बसता, ते चांगलंच आहे. पण ताई, टोकाला रोज तोच पक्षी बसू देऊ नका. अशा थंडीत टोकाचा जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

ताईने त्याच संध्याकाळी सगळ्यांना बोलावले. ती म्हणाली, "आजपासून पाळ्या लावायच्या. आज जो टोकाला बसेल, त्यानं उद्या आत यायचं. मध्ये बसेल, त्यानं उद्या टोकाला जायचं. मधल्या, पहिली पाळी तुझी. तू धष्टपुष्ट आहेस."

"माझी?" मधला ताडकन म्हणाला. "मी का म्हणून जागा सोडू? लहानपणापासून मी मध्येच बसतोय. टोकाला बसायला मी काय कुणाचं घोडं मारलंय?"

एकाने नाही म्हटले की बाकीच्यांनाही नाही म्हणायचे सुचते. मधल्याच्या शेजारची बहीण म्हणाली, "तो हलत नाही, तर मी तरी का हलू?" तिच्या शेजारचा म्हणाला, "मग मीच काय वेडा आहे?" बघता बघता असे काही भांडण जुंपले की करंजाची पाने गळायला लागली. ताईने थोडा वेळ ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "बरं तर. जसे बसता तसे बसा." आणि ती आपल्या टोकाला जाऊन बसली.

मधल्याला वाटले, आपण जिंकलो. पण जिंकूनही त्याला बरे वाटेना. ते वाटावे म्हणून तो आणखी फुगला. "तुमच्या या ढकलाढकलीपेक्षा मी आपला एकटा बरा," असे म्हणून त्याने समोरच्या मोहाच्या खोडात सुतारपक्ष्याने सोडलेली एक ढोली गाठली. ढोली एका पक्ष्यापुरतीच होती. तिच्यात त्याने वाळके गवत नेले, सावरीचा जुना कापूस नेला, कुणाकुणाची गळलेली पिसे नेली. मेहनतीत त्याने कसूर केली नाही, हे मान्य करायला हवे. काम झाल्यावर त्याने सगळ्यांना बोलावून ती ढोली दाखवलीही. ताई आत डोकावून म्हणाली, "छान केलीस हो." त्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मधल्याला उत्तर देता आले असते.

मग एके दिवशी दुपारीच वारा फिरला. संध्याकाळी नदीवरून गारठा वर आला आणि थंडीची लाट जंगलात शिरली.

ती रात्र कशी गेली, हे मधल्याला कुणाला सांगावेसे वाटले नसते. तुम्हाला मी सांगतो. तो गवतात खोल शिरला, तर पाठ उघडी पडली. पाठ कापसाला टेकवली, तर छाती गारठली. डावी कूस दाबली की उजवी उघडी, उजवी दाबली की डावी. त्याने दाराशी पिसे कोंबून पाहिली. एवढे करूनही अंगातली थरथर थांबेना. आपले ते गरम अंग आज कुठे गेले, हे कोडे त्याला काही केल्या सुटले नाही. उजाडले तेव्हा तो डोळे उघडे ठेवूनच बसला होता.

इतक्यात करंजाखालून कालवा ऐकू आला आणि लगेच थांबला. सातभाई आणि गप्प? मधला धास्तावून खाली उतरला. पाचोळ्यात ताई कुशीवर पडली होती. पहाटे तिच्या पायांतली ताकद गेली, नख्यांची पकड सुटली आणि ती फांदीवरून खाली आली होती. भावंडांनी तिला चोचींनी ढकलत ढकलत उन्हाच्या कवडशात आणले. मधलाही ढकलू लागला. आपण काय ढकलतो आहोत, हे त्याला बघवत नव्हते.

बऱ्याच वेळाने ताईने एक डोळा उघडला. "काय जमलात सगळे?" ती म्हणाली. "मेले नाही अजून." मग तिची नजर मधल्यावर गेली. "ढोली कशी आहे रे?"

"झकास!" मधला म्हणाला. खरे तर त्याची चोच अजून कडकड वाजत होती.

"बरं झालं," ताई म्हणाली. "एकाची तरी झोप झाली."

ऊन चढल्यावर धोबी आला आणि ताईकडे बघून हळूच म्हणाला, "ही नुसती चाहूल होती. खरी थंडी आज रात्री पडेल. आज या टोकाला बसल्या तर सकाळी..." पुढचे सगळ्यांना कळले.

मधला दिवसभर ताईच्या आसपास घोटाळत राहिला. पाचोळ्याखालून शोधून शोधून तो तिच्यासाठी अळ्या आणी. ताई एखाददुसरी खाई आणि उरलेल्या धाकट्यापुढे सरकवी. मधल्याच्या घशाखाली मात्र काही उतरत नव्हते. ताईने पाळ्या लावल्या होत्या त्या आपण मोडल्या, हे त्याला पुरते उमगले होते. पण चार जणांत 'चुकलो' म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती.

दिवस कलला. ताई दोन-तीन उड्यांत कशीबशी फांदीवर पोचली आणि सवयीने उत्तरेच्या टोकाकडे सरकू लागली.

ताईच्या शेजारची बहीण म्हणाली, "ताई, आज तू मध्ये बस ना."

"मग टोकाला कोण?" ताईने विचारले.

जो तो आपल्या नख्यांकडे बघू लागला.

ढोलीच्या दारातून मधला हे बघत होता. तो उडून फांदीवर आला आणि घाईघाईने म्हणाला, "ताई, तू माझ्या ढोलीत जा. गवत आहे, कापूस आहे. वाराही लागत नाही तिथं."

ताईने मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिले. "एकटीला पुरेल का रे ती ऊब?"

सकाळीच मधला सगळ्यांसमोर 'झकास' म्हणाला होता. आता खरे बोलावे तर नाक कापले जाणार, आणि खोटे बोलावे तर ताई जाणार. अख्खा थवा कान देऊन ऐकत होता. नदीकडून वाऱ्याची पहिली झुळूक आली आणि ताईच्या मानेवरची ती विरळ पिसे उलटी फिरली. ते पाहिल्यावर मधल्याला आपल्या नाकाची फिकीर उरली नाही.

"नाही पुरत," तो म्हणाला. "रात्रभर कुडकुडलो मी, ताई. माझं अंग गरम नाही. कधीच नव्हतं. ती तुमची ऊब होती."

धाकटा फिसकन हसला. ताईने त्याला नुसत्या डोळ्यांनी गप्प केले.

"मग मला कशाला पाठवतोस तिकडं, गाढवा?" ती म्हणाली.

"नको जाऊस. तू माझ्या जागी मध्ये बस. टोकाला मी बसतो."

"तुला सवय नाही रे."

"तुला तरी कुणी विचारलं होतं?" मधला म्हणाला. "सरका रे सगळे, ताईला वाट द्या!"

भावंडे सरकली. ताई मध्ये बसली आणि मधला उत्तरेच्या टोकाला. अंधारू लागले तसा वारा चांगलाच सुटला. मधल्याच्या एका अंगाला बहीण होती आणि दुसऱ्या अंगाला काहीच नव्हते. या 'काहीच नाही'कडे तोंड करून कुणीतरी रोज बसते, हे त्याला आजवर कधी जाणवले नव्हते. त्याला फार लाज वाटली.

"ताई," त्याने अंधारात हाक मारली, "किती वर्षं बसलीस गं तू इथं?"

"बडबडू नकोस," ओळीच्या मधून आवाज आला. "पिसं फुगव आणि चोच पाठीत खुपस. आता तरी ऐक माझं."

त्याने ऐकले. थोड्या वेळाने शेजारची बहीण त्याला पंखाने ढोसून म्हणाली, "पुरे झालं. आत सरक. आता मी बसते." दुसऱ्या टोकाला धाकट्याचा शेजारीही त्याला आत ओढत होता. भांडण नाही झाले असे समजू नका. सातभाईच ते! पण आज प्रत्येक जण टोकाला जाण्यासाठी भांडत होता, आणि पाळ्या आपसूक लागल्या.

सकाळी ऊन फांदीवर आले, तेव्हा मधल्यावर पुन्हा टोकाची पाळी आली होती. एकेक भावंड पिसे झटकून जागे झाले. ताई मात्र मान पिसांत घालून तशीच बसून होती. ती हलेना. तिला हाक मारण्याचा कुणाला धीर होईना. शेवटी मधला फांदीवरून सरकत सरकत तिच्यापाशी आला.

"ताई?" तो कापऱ्या आवाजात म्हणाला. "ताई गं?"

पिसांतून आवाज आला, "झोपू द्या रे मेल्यांनो. इतक्या वर्षांत आज कुठं मध्ये झोपायला मिळालंय."

तात्पर्य : मध्ये बसलेल्याची ऊब टोकाला बसलेले कुणीतरी राखत असते, म्हणून संकट आले की आपली जागा घट्ट धरू नये, आपणही टोकाला बसावे.