लोहाराचा खिळा आणि ओढ्याचा दावा

मला गोष्ट सांगता येत नाही. वाचनालयाच्या बाईंना हे मी दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, मुलांसाठी एकच लिहा." मुलं वाचणार नाहीत आणि मोठी माणसं न वाचताच पुढे पाठवतील, हे मला ठाऊक आहे. पण बाई रोज दारात येऊन उभ्या राहतात आणि माझा चहा गार होतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मध्येच कुणी शंका काढू नये.

एका गावात एक ओढा होता, आणि त्या ओढ्यापेक्षा लांब असा एक दावा होता.

ओढ्याच्या वरच्या अंगाला तांबटांची आळी. हंडे, कळश्या, घंगाळी, पराती, दिवसभर ठोकाठोक. तांबं भट्टीत तापवलं की काळं पडतं. मग ते आंबट पाण्याच्या कुंडात बुडवायचं, घासायचं, की लखलखीत. कुंडातलं पाणी वापरून वापरून हिरवंनिळं झालं की ओढ्यात ओतून द्यायचं. आजा तसंच करायचा, बाप तसंच करायचा. वाईट करतोय असं कुणाच्या मनातही नव्हतं.

खालच्या अंगाला भोयांची वस्ती. मासे धरायचे आणि पोट भरायचं. आधी मासे कमी झाले. मग लहान झाले. मग पालथे होऊन तरंगायला लागले. तेव्हा भोयांनी राजाच्या न्यायाधीशाकडे दावा लावला.

दावा सात वर्षं चालला. तांबट म्हणायचे, "आमची गुरं तेच पाणी पितात, ती मेली का?" भोई म्हणायचे, "गुरं पाण्यात राहतात का?" तांबट म्हणायचे, "आम्ही चार घागरी ओततो, ओढा केवढा!" भोई म्हणायचे, "मासा केवढा, ते बघा की." दर तारखेला हेच. न्यायाधीश म्हातारा झाला, त्याचे गुडघे धरले, तरी निकाल लागेना.

शेवटी तो वैतागून म्हणाला, "अरे, एक थेंबही नको म्हटलं तर भांडी बंद. हवं तेवढं ओता म्हटलं तर मासे बंद. मधे कुठेतरी हद्द घाला. पण पाण्यातलं तांबं दिसत नाही, मग मोजायचं कसं?"

 मागे दाराशी गावचा लोहार उभा होता. दाराची बिजागरी दुरुस्त करायला आला होता. तो म्हणाला, "लोखंडाला तांबं चढतं, सरकार. पाण्यात तांबं असलं आणि त्यात कोरा खिळा टांगला तर खिळ्यावर लाली धरते. पाणी जेवढं वाईट, तेवढी लवकर."

तांबटांनी माना हलवल्या, कारण हे त्यांनाही माहीत होतं. भोयांनीही हलवल्या, कारण लोहार दोघांचाही नव्हता आणि दोघांचाही होता. तांबटांचे हातोडे तोच घडवायचा आणि भोयांचे गळही तोच.

तडजोड ठरली. पौर्णिमेला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना लोहाराने नवा खिळा भोयांच्या डोहात टांगायचा. दुपारपर्यंत लाली धरली नाही, तर पाणी हद्दीत आहे, दावा संपला. लाली धरली, तर तांबटांनी खडक फोडून चुन्याचा हौद बांधायचा आणि कुंडाचं पाणी त्यात निवळल्याशिवाय ओढ्यात सोडायचं नाही. दोन्हीकडच्यांनी ओढ्याचं पाणी ओंजळीत घेऊन कबूल केलं.

लोहाराने त्याच संध्याकाळी वीतभर खिळा घडवला. चांगला घडवला. आणि घडवून झाल्यावर त्याने तेच केलं, जे तो चाळीस वर्षं प्रत्येक वस्तूला करत होता. करडईच्या तेलाचं फडकं त्यावरून फिरवलं, गंजू नये म्हणून. विळा असो, कोयता असो, त्याच्या भात्यावरून कोरडं लोखंड कधी बाहेर पडलंच नव्हतं. हात आपोआप फिरला. डोक्याला पत्ताही नाही.

सकाळी खिळा डोहात गेला. दोन्ही काठांवर माणसं उन्हात बसून राहिली. दुपारी न्यायाधीशासमोर खिळा वर काढला. जसा गेला तसा काळाच!

तांबटांनी टाळ्या पिटल्या. भोयांनी खाली बघितलं. न्यायाधीशाने कागदावर शिक्का उठवला आणि लोहाराला पागोटं बांधलं.

तेवढ्यात एक भोईण पुढे आली. वयाने पोक्त, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "सरकार, खिळा खरा असेल. मग माझे मासे काय हौसेनं मरतात?"

तांबटांचा म्होरक्या हसला. "मावशे, सात वर्षं खोटं बोललीस. आता तरी तोंडाला विश्रांती दे!"

सगळे हसले. तिचे शेजारीसुद्धा हसले, ते तिला जास्त लागलं.

आता या भोईणीकडे एक गोष्ट होती, ती नीट ध्यानात ठेवा. ओढ्यातला मासा संपत चालला तेव्हा तिने शेवटचं माशांचं बी, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तीन मोठ्या मडक्यांत भरून ठेवली होती. वरच्या झऱ्याचं पाणी डोक्यावरून आणून रोज बदलायची. त्या जातीचा मासा दुसरीकडे कुठे उरलाच नव्हता. तीन मडकी म्हणजे वस्तीचं पुढचं सगळं जेवण.

निकालानंतर वस्तीने ठरवलं, पौर्णिमेच्या सकाळी ही पिल्लं डोहात सोडायची. भोईण नको म्हणत होती. लोक म्हणाले, "पाणी हद्दीत आहे असं न्यायाधीश म्हणाला. आता त्यालाही खोटं पाडणार का तू?"

इकडे लोहार घरी आला. पागोटं खुंटीला लावलं, खिळा फळीवर ठेवायला घेतला, आणि अंगठा सटकला. खिळ्यावर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे वेगवेगळे उभे होते. पाणी लोखंडाला शिवतच नव्हतं.

तेल!

त्याने खिळा राखेने खसाखसा घासला आणि ओढ्याच्या पाण्याच्या तांब्यात, नाही, तांब्यात नाही, मातीच्या वाडग्यात उभा केला. मुलांनो, तांब्याच्या भांड्यात ही परीक्षा करायची नसते. बायकोने भाकरी थापली, भाजली, फुगली, तोवर खिळ्याचं टोक लाल झालं होतं.

"अहो, खिळ्याला काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला.

पौर्णिमेला सात दिवस होते.

दुसऱ्या दिवशी तो न्यायाधीशाकडे निघाला. वेशीपर्यंत गेला. वाटेत दोघांनी रामराम घातला आणि म्हणाले, "काय खिळा घडवलात!" तो परत फिरला. तिसऱ्या दिवशीही निघाला. पायात चपला नाहीत हे निमित्त सापडलं, परत फिरला. भाकरी गिळवेना. लोखंड तापवायचा आणि ठोकायच्या आधीच गार होऊन जायचं.

चौथ्या दिवशी तो तांबटांच्या म्होरक्याकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं.

म्होरक्याने इकडे तिकडे बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, "लोहारबुवा, मुद्दाम केलंत का?"

"नाही हो. हात फिरला."

"मग पाप कसलं? आम्ही सांगितलं नाही, तुम्ही ठरवलं नाही. देवाचीच इच्छा." मग तो जरा जवळ सरकला. "आणि असं बघा, खडक फोडून हौद बांधायचा म्हणजे वर्षभर अख्खी आळी कुदळ घेऊन उभी. भट्ट्या गार. मग तुमचे हातोडे कोण घेणार? भोई?"

लोहार उठायला लागला.

"दुसरं सांगू? तुम्ही सांगितलंत तर लोक काय म्हणतील? परीक्षेच्या खिळ्याला तेल लावणारा लोहार! कुणी नांगराचा फाळ तरी देईल का तुमच्याकडे? जा, घरी जा. कोपरापर्यंत हात धुवा आणि झोपा."

लोहार घरी गेला. हात धुतले. झोप कसली येते!

सहाव्या दिवशी भोईण स्वतः भात्यावर आली. हातात काही दुरुस्तीला नव्हतं. उंबऱ्याशी उभी राहिली.

"लोहारदादा, एक विचारू?"

"विचार."

"खिळा कोरा होता ना? मी कुणाचं ऐकत नाही. न्यायाधीश काय, त्याला पाण्यातलं काय कळतं! माझी माणसं तर मलाच हसली. पण लोखंडातलं तुला कळतं. तू हो म्हणालास तर सोडते पिल्लं. नाही म्हणालास तर मडकी फोडीन डोक्यात माझ्या माणसांच्या, पण सोडणार नाही."

बघा. सांगायला यापेक्षा सोपी वेळ कुणाला मिळते? समोर एकच बाई. न्यायाधीश नाही, शिक्का नाही, टाळ्या नाहीत. एक शब्द टाकायचा होता.

लोहाराने भाता ओढला. विस्तवाकडे बघून म्हणाला, "होता."

"कोरा?"

"कोरा."

"मग झालं," ती म्हणाली, आणि मोकळी होऊन निघून गेली. जाताना तिच्या चेहऱ्यावर सात वर्षांनी बरं वाटल्यासारखं दिसलं. ते लोहाराने बघितलं. ते बघून त्याला जे झालं ते मला लिहिता येत नाही.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. वस्तीवर हलगी वाजायला लागली. लोहार ऐरणीपाशी बसला होता. हलगी म्हणजे मडकी उचलली. हलगी जवळ आली म्हणजे डोहावर पोचले. मग हलगी थांबली.

हलगी थांबली आणि लोहार उठला. फळीवरचा खिळा उचलला आणि धावत सुटला. म्हातारा माणूस, पागोटं नाही, चपला नाहीत. लोकांना वाटलं कुठे आग लागली.

"थांबा! ओतू नका! खिळ्याला तेल होतं!"

तोवर दोन मडकी डोहात रिकामी झाली होती. तिसरं भोईणीच्या कमरेवर होतं, तोंड खाली झुकवलेलं. तिने ते तसंच धरून ठेवलं.

"काय म्हणालास?"

"तेल होतं. माझ्या हाताचं. पाणी खिळ्याला लागलंच नाही."

 सगळे डोहाकडे बघत उभे राहिले. पिल्लं आधी सैरावैरा धावली. मग वर येऊन तोंडं उघडायला लागली. बायका जाळ्याने, पदराने, हाताने ती गोळा करायला पाण्यात उतरल्या, पण बोटाएवढा मासा हाताला कुठे लागतो! ऊन चढलं तेव्हा एक पालथं झालं, मग दहा, मग मोजणं सोडून दिलं.

लोहाराने सगळ्यांसमोर खिळा राखेने घासला आणि त्याच डोहात टांगला. दुपार व्हायची वाट बघावी लागली नाही. न्यायाधीश डोलीतून येऊन पोचेपर्यंत खिळा लाल झाला होता.

न्यायाधीशाने जुना कागद फाडला. तांबटांच्या म्होरक्याकडे बघितलं. म्होरक्या म्हणाला, "आम्हाला काय माहीत, सरकार?" लोहार म्हणाला, "त्यांना चौथ्या दिवसापासून माहीत आहे." 

नवा निवाडा तिथेच झाला. वर्ष संपायच्या आत चुन्याचा हौद. तोवर कुंडातलं पाणी ओढ्यात एक घागरही नाही. आणि दर बाजाराच्या दिवशी खिळा टांगायचा, पण तो तांबटाने घासायचा, भोयाने टांगायचा आणि लोहाराने नुसता बघायचा. लोहाराचं पागोटं काढून घेतलं. पुढचं वर्षभर त्याच्या भात्यावर कुणी फिरकलं नाही, हे म्होरक्याने बरोबर सांगितलं होतं.

सगळे पांगायच्या आत लोहार भोईणीसमोर गेला आणि ओल्या मातीत डोकं टेकलं. म्हणाला, "आक्का, माझं चुकलं. तू खरी होतीस, मी खोटा. माफ कर."

तिने कमरेवरचं मडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तेल लागलं ते मी समजू शकते. पण मी विचारायला आले होते, दादा."

 तिने उरलेलं एक मडकं कमरेवर घेतलं आणि झऱ्याकडे निघून गेली, पाणी बदलायला.

त्या एका मडक्यातून ओढा पुन्हा भरायला अकरा वर्षं लागली. तिन्ही मडकी असती तर एवढी लागली नसती. तिने त्याला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. कुणी म्हणतात केलं, कुणी म्हणतात मरेपर्यंत गळ दुसऱ्या गावच्या लोहाराकडून आणायची. पण त्याने माफी मागितली. चारचौघं जिला हसले त्या बाईची माफी चारचौघांच्या देखत, मातीत डोकं टेकून मागितली.

तात्पर्य: हातून झालेली चूक कळली त्या दिवशी सांगितली तर ती चूकच असते. लपवली की दुसऱ्या दिवसापासून तो गुन्हा होतो, आणि त्याची शिक्षा भलत्यालाच भोगावी लागते.

मुलांसाठी एवढं पुरे. मोठ्यांसाठी एक ओळ जास्त लिहितो, बाईंनी खोडू नये. आमच्या विहिरीच्या पाण्याची बाटली तपासणीला गेली, ती नेणाऱ्यांनी विहिरीत बुडवलीच नव्हती, स्वतःच्या घरच्या नळाखाली भरली होती, हे त्यांच्याच तोंडून निघालं त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. त्याआधी विहिरीचं पाणी वाईट आहे म्हणालो म्हणून भर ग्रामसभेत त्यांनी मला खोटारडा म्हटलं होतं, आणि सभा हसली होती. लोहाराला माफी मागायला आठ दिवस पुरले. ह्यांना अजून पुरत नाहीत. नाव लिहू का? लिहितो. पर्वतराव थोपटे.